औषधाच्या बाटलीवरील क्रमांक : गोंदिया परिसरांतील स्त्रियांच्या आरोग्येतिहासाचें एक उपेक्षित साधन

१. प्रस्ताव

जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या मंडळींची एक रीत सर्वांस परिचित आहे. रुमाल सोडला म्हणजे सनदा, महजर, वंशावळी व पोथ्या एका बाजूस काढावयाच्या, आणि तळाशीं उरलेली चिठ्ठ्याचपाट्यांची रद्दी पुनः तशीच बांधून ठेवावयाची, किंवा घरधन्याच्या संमतीनें चुलींत जाऊं द्यावयाची. ह्या रद्दींत औषधांच्या पुड्यांचे कागद, बाटल्यांवरील चिठ्ठ्या, वैद्याडॉक्टरांनीं लिहून दिलेलीं औषधांचीं टिपणें, सुईणीस दिलेल्या लुगड्याखणाचीं टांचणें, असा माल पुष्कळ असतो. आम्हीं स्वतः अशी रद्दी अनेक वेळां टाकिली आहे, हें आरंभींच कबूल करणें बरें. प्रस्तुत लेख हें एका अर्थीं त्या चुकीचें प्रायश्चित्त आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास ज्या साधनांवरून लिहावयाचा तीं साधनें राजदप्तरांत फारशीं नाहींत. तीं ह्या रद्दींत आहेत. शिवाय ह्या कागदांचें मोल केवळ इतिहासापुरतें नाहीं. औषध कोणीं केलें, कधीं केलें, कोणत्या घाण्यांतून निघालें, हें सांगणारा कागद जेथें टिकला तेथें दोष सांपडला व तो दूर करितां आला. जेथें तो टिकला नाहीं तेथें दोषाचा ठिकाण लागला नाहीं, आणि त्याचें फळ पुष्कळदां स्त्रियांस भोगावें लागलें. हें विधान पुढें उदाहरणांनीं सिद्ध करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

२. प्रांत व त्याचीं जुनीं साधनें

गोंदिया जिल्हा तारीख १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगांव असे त्याचे आठ तालुके. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा धानाचा, तळ्यांचा व जंगलाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. पुढें तो मध्यप्रांतांत गेला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. संशोधकांस हा प्रदेश आजवर ठाऊक आहे तो बहुधा आमगांवाजवळील पदमपुरामुळें. कारण भवभूतीचें पद्मपूर तें हेंच, असें महामहोपाध्याय मिराशी ह्यांनीं प्रतिपादिलें. परंतु भवभूतीच्या जन्मस्थानाविषयीं ज्या गांवीं आपण इतकी चर्चा केली, तेथील बाळंतिणी काय औषध घेत व त्यानें त्यांचें काय होई, ह्याची चौकशी आपण केलेली नाहीं.

ह्या चौकशीचें सर्वांत जुनें साधन म्हणजे घरगुती वैद्यकाचीं बाडें. अशीं बाडें महाराष्ट्रभर सांपडतात व संग्राहकांनीं तीं पाहिलेलीं आहेत. एका पानावर ज्वराचा काढा, दुसऱ्यावर विंचवाचा मंत्र, तिसऱ्यावर धान्याची उसनवारी, असा त्यांचा थाट असतो. त्यांतील स्त्रीरोगाचा भाग बहुधा भावप्रकाश, शार्ङ्गधरसंहिता व योगरत्नाकर ह्यांसारख्या ग्रंथांवरून उतरलेला असतो. क्वचित् घरच्या अनुभवाची पुस्ती जोडलेली असते. ही पुस्ती मोलाची होय. मूळ ग्रंथांत नसलेली मुळी, बदललेलें प्रमाण, किंवा अमुक औषधानें गुण न आल्याची नोंद दिसली, तर तेथें ग्रंथ संपून अनुभव बोलूं लागला असें समजावें.

येथें एका समजुतीचें निरसन केलें पाहिजे. जुनी औषधें निरुपद्रवी होतीं आणि अपाय बाटलींतील औषधांबरोबर आला, असें मानणारे वाचक पुष्कळ आहेत. ही समजूत खुद्द आपल्या वैद्यकासच मान्य नाहीं. नीट न ओळखलेल्या औषधाची गणना चरकानें विष व शस्त्र ह्यांच्या पंक्तीस केली आहे. गर्भ पाडण्यासाठीं चित्रकाच्या मुळीचा जो उपयोग होत आला, त्यानें किती बायका दगावल्या ह्याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं, एवढ्यावरून ती मुळी निर्दोष ठरत नाहीं. भेद आहे तो निराळा. वैद्य गांवचा असे व मुळी रानांतली असे. चूक झाली तर ती कोणाची हें गांवास कळत असे. औषध दूरच्या कारखान्यांत होऊं लागलें तेव्हां ही ओळख तुटली, आणि तिची जागा बाटलीवरच्या कागदानें घेतली.

हें स्थित्यंतर गोंदियास रेल्वेनें आणिलें. बंगाल-नागपूर रेल्वेचा हमरस्ता येथून गेला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जबलपुराकडे जाणारी अरुंद रुळांची वाट येथूनच निघाली. धान, विडीचीं पानें व लांकूड ज्या गाड्यांतून बाहेर गेलें त्याच गाड्यांतून पेटंट औषधांच्या पेट्या आंत आल्या. त्याच सुमारास स्त्रियांच्या वैद्यकाची सरकारी व लोकाश्रित व्यवस्थाही उभी राहत होती. स्त्रीवैद्यांच्या साह्यासाठीं लेडी डफरिन फंड १८८५ सालीं निघाला. आनंदीबाई जोशी ह्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतली ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरील प्रबंध लिहून. आणि सुइणींस शिक्षण देण्यासाठीं लेडी कर्झन ह्यांनीं १९०३ सालीं निराळा निधि स्थापिला. गोंदियाचें बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय व २०१६ सालीं सुरू झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे ह्याच ओघांतील पुढचे टप्पे होत.

३. बाटली क्रमांक ५३ न

बाटलीवरच्या क्रमांकाचें महत्त्व आपल्या देशांत प्रथम स्पष्टपणें दिसलें तें पंजाबांत. पण बाटली मुंबईची होती, म्हणून ती कथा येथें सांगणें अप्रस्तुत नाहीं. इ. स. १९०२ च्या ३० आक्टोबर रोजीं मलकोवाल गांवीं १०७ माणसांस प्लेगाची लस टोंचली. लस परळच्या प्रयोगशाळेंत हाफकिन ह्यांच्या देखरेखीखालीं झालेली. पुढें थोड्याच दिवसांत त्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. लस पांच बाटल्यांतून दिली होती, आणि मेलेलीं १९ ही माणसें एकाच बाटलीची, जिचा क्रमांक ५३ न होता, तिची लस घेतलेलीं होतीं.

हाफकिन ह्यांस पदावरून दूर करण्यांत आलें. सरकारी चौकशीनें दोष प्रयोगशाळेच्या माथीं मारिला. परंतु क्रमांक नोंदलेला असल्यामुळें ती बाटली कधीं भरली, कोठें उघडली व कोणीं उघडली, हें मागाहूनही तपासतां आलें. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करितां तसाच वापरला गेला, ही गोष्ट बाहेर आली. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं हाफकिन ह्यांची बाजू उघडपणें घेतली आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. १९२५ सालीं त्या प्रयोगशाळेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

ह्या प्रकरणांतील तर्कपद्धति आपल्या मंडळींस अनोळखी वाटूं नये. एका पोथीच्या पांच प्रतींपैकीं एकींतच अपपाठ असेल तर दोष मूळ ग्रंथाचा नसून त्या प्रतीच्या लेखकाचा, हें आपण समाप्तिलेखावरून ठरवितों. लेखकाचें नांव, शक, तिथि व स्थळ हीं त्यांत नसतीं तर आपलाही निर्णय अंधारांत राहिला असता. औषधाच्या बाटलीवरचा क्रमांक हा तिचा समाप्तिलेखच होय.

४. कायद्याचा प्रवेश

असें असूनही पुढें दीर्घकाळ ह्या देशांत औषधांवर कसलाच एकछत्री निर्बंध नव्हता. १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमिली गेली. तिचा अहवाल दुसऱ्या वर्षीं आला. कायदा मात्र १९४० सालीं झाला व त्याखालील नियम १९४५ सालीं निघाले. तेव्हांपासून औषधाचें नांव, करणाराचें नांव, घाण्याचा क्रमांक, तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख हीं चिठ्ठीवर येऊं लागलीं. आयुर्वेदीय व युनानी औषधें ह्या कायद्याच्या कक्षेंत १९६४ च्या दुरुस्तीनें आलीं. मध्यंतरीं १९५४ सालीं आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा झाला. विटाळ न आल्यास आणणारीं, गर्भ पाडणारीं व गर्भ न राहूं देणारीं औषधें जाहिरातींतून विकण्यास त्यानें मनाई केली. त्यापूर्वींच्या पंचांगांच्या व मासिकांच्या मलपृष्ठांवर अशा जाहिराती किती व कोणत्या शब्दांत येत, हें ज्यांच्या संग्रहीं तीं आहेत त्यांनीं एकदां पाहावें. बाईच्या संकोचावर व्यापार कसा चाले, ह्याचें त्याहून स्पष्ट साधन दुसरें नाहीं.

चिठ्ठी आली म्हणून दोष टळला असें मात्र नव्हे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रुग्ण ग्लिसरीन पाजल्यानंतर मेले. त्या ग्लिसरीनांत डायएथिलिन ग्लायकॉल हें विष होतें. ह्याच विषानें १९३७ सालीं अमेरिकेंत शंभरावर माणसें मेलीं होतीं व त्यावरूनच तेथील औषधांचा कायदा पुढील वर्षीं कडक झाला होता. न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या चौकशीनें हें विष बाटलीपासून पुरवठादारापर्यंत व तेथून परवाना देणाऱ्या कचेऱ्यांपर्यंत शोधीत नेलें, आणि औषधखात्याच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढिले. शोध लागला तो कागद होते म्हणून. मृत्यु टळले नाहींत ते कागद वेळेवर कोणीं वाचले नाहींत म्हणून.

५. विटाळ आणणाऱ्या गोळ्यांचें प्रकरण

आतां स्त्रियांच्या औषधांपैकीं ज्या एका प्रकरणाचा इतिहास आपल्याकडे सर्वांत बोधप्रद झाला, तिकडे वळूं. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ह्या दोन जातींच्या द्रव्यांचें मोठ्या प्रमाणांतील मिश्रण गोळ्यांच्या किंवा टोंचणीच्या रूपानें विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाजारांत होतें. पाळी चुकलेल्या बाईस दोन-तीन दिवस तें द्यावें. गर्भ नसेल तर औषध थांबल्यावर थोड्याच दिवसांत विटाळ येई, गर्भ असेल तर येत नसे. अशी ती परीक्षा. १९६७ सालीं इंग्लंडांत इझाबेल गाल ह्या स्त्रीवैद्यानें ह्या परीक्षेचा व अर्भकांतील जन्मजात व्यंगाचा संबंध असावा अशी शंका प्रसिद्ध केली. मूत्रावरून गर्भ ओळखण्याची सोपी व निर्धोक रीत ह्याच सुमारास उपलब्ध झाल्यामुळें ह्या औषधाची गरजही उरली नव्हती. तरी तें इंग्लंडांत १९७८ पर्यंत विकलें गेलें.

आपल्याकडे त्याचा दुरुपयोग निराळ्याच दिशेनें झाला. ह्या गोळ्यांनीं गर्भ पडतो, अशी समजूत पसरली. गर्भपाताचा कायदा १९७१ सालीं झाला होता. पण खेड्यांतील बाईस रुग्णालय दूर आणि औषधाचें दुकान जवळ. तिनें दुकानदारास पाळी चुकल्याचें सांगावें, किंवा घरच्या माणसाकडून सांगवावें, आणि त्यानें चिठ्ठीवांचून गोळ्या द्याव्या. ह्या गोळ्यांनीं गर्भ खात्रीनें पडत नाहीं. म्हणजे जिचा गर्भ राहिला तिचें काम झालें नाहीं तें नाहींच, उलट पोटांतल्या गर्भास नको तें औषध मात्र पोंचलें.

१९८२ सालीं केंद्रीय औषध नियंत्रकांनीं ह्या मिश्रणावर बंदीचा आदेश काढिला. उत्पादकांनीं उच्च न्यायालयांत जाऊन त्यास स्थगिति मिळविली आणि विक्री चालू राहिली. येथून पुढचीं सहा वर्षें हा वाद स्त्रियांच्या संघटनांनीं व आरोग्यक्षेत्रांतील कार्यकर्त्यांनीं लढविला. दिल्लीची सहेली, अखिल भारतीय ड्रग ॲक्शन नेटवर्क, महाराष्ट्रांतील लोकविज्ञान संघटना, आणि ज्याच्या बैठका आपल्या वऱ्हाड-नागपूर भागांत सेवाग्रामास भरत असें मेडिको फ्रेंड सर्कल, ह्यांनीं शास्त्रीय निबंधांचीं टिपणें काढिलीं, दुकानांतून चिठ्ठीवांचून गोळ्या कशा मिळतात ह्याकडे लक्ष वेधिलें व देशी भाषांत पत्रकें वांटिलीं. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८७ सालीं औषध नियंत्रकांनीं मुंबईसह मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. एका औषधाविषयीं सामान्य स्त्रियांनीं सरकारपुढें उभें राहून बोलावें, हा प्रकार ह्या देशांत अपूर्व होता. अखेर १९८८ सालीं बंदी झाली.

ह्या प्रकरणाचा न्यायनिवाडा करतांना संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. त्या गोळ्यांनीं व्यंग होतेंच, असें शास्त्रानें निर्विवाद सिद्ध केलेलें नाहीं. इंग्लंडांत नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०१७ सालीं कार्यकारणसंबंधास पुरेसा पुरावा नाहीं असाच अभिप्राय दिला. परंतु २०२० सालीं बॅरोनेस कंबर्लेज ह्यांच्या समितीनें त्याच देशांत असें ठरविलें कीं, शंका १९६७ सालीं उद्भवली तेव्हांच ही परीक्षा बंद करावयास हवी होती. हीं दोन्ही मतें एकमेकांस मारक नाहींत. पहिलें अपायाच्या सिद्धतेविषयीं आहे, दुसरें विवेकाविषयीं. ज्या औषधाचें काम दुसऱ्या निर्धोक रीतीनें होतें, त्यांत शंकेपुरताही अपाय बाईनें कां पत्करावा, हा प्रश्न १९८२ सालीं आपल्याकडील स्त्रियांनीं विचारिला होता, आणि त्यास उत्तर मिळावयास सहा वर्षें लागलीं.

कंबर्लेज समितीनें ह्या गोळ्यांबरोबर आणखी दोन प्रकरणें तपासलीं : अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हें औषध गरोदर स्त्रियांस देणें, आणि ओटीपोटांत बसविण्याची कृत्रिम जाळी. तिन्ही प्रकरणांत बायका वर्षानुवर्षें दुखणें सांगत होत्या व तें त्यांच्या मनाचे खेळ म्हणून उडवून दिलें जात होतें. समितीच्या प्रमुख सूचनांपैकीं एक अशी होती कीं, कोणत्या बाईच्या शरीरांत कोणती वस्तु केव्हां बसविली, ह्याची कायमची नोंद असावी. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर त्यांनीं दप्तर मागितलें.

६. शेजारच्या जिल्ह्याची साक्ष

गोंदियाच्या दक्षिणेस गडचिरोली जिल्हा लागतो. रान तेंच, पीक तेंच, माणसेंही पुष्कळशीं तींच. तेथें डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनीं दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा निबंध लॅन्सेट ह्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत जानेवारी १९८९ मध्यें प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांस गर्भाशयाचा किंवा जननेंद्रियांचा एक तरी रोग आढळला; सरासरीनें दर स्त्रीस ३.६ रोग पडले. आणि ह्यापूर्वीं अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के.

इतिहासकाराच्या दृष्टीनें ह्या आंकड्यांतील शेवटचे दोन फार बोलके आहेत. ह्या गांवांतील दवाखान्याचीं बुकें कोणीं शंभर वर्षांनीं उघडलीं असतीं तर त्यांत ह्या रोगांचा मागमूस लागला नसता, आणि येथील स्त्रिया निरोगी होत्या असा निष्कर्ष त्यानें प्रामाणिकपणें काढिला असता. कागदांत नाहीं म्हणून घडलें नाहीं, हा आपल्या धंद्यांतील जुना प्रमाद होय. राजकीय इतिहासांत तो आपण टाळूं लागलों आहों. स्त्रियांच्या बाबतींत अद्याप टाळीत नाहीं. अंगावरून पांढरें जाणें, कंबर धरणें, विटाळ लांबणें, हीं दुखणीं बाईनें बाईस सांगितलीं. डॉक्टरांस सांगितलीं नाहींत. तीं ऐकावयास कोणीतरी जावें लागलें. डॉ. राणी बंग ह्यांचें कानोसा हें पुस्तक अशा ऐकण्यांतूनच निघालें. भंडारा-गोंदियाच्या भागांत असें काम आपल्या मंडळींनीं सुइणींच्या तोंडून करून ठेवण्यासारखें आहे. त्यांच्यापैकीं वृद्ध बाया दरवर्षीं कमी होत आहेत.

७. त्याच रुळांवर, बिलासपुरास

गोंदियाचें स्थानक दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागांत मोडतें व त्या रेल्वेचें मुख्य ठाणें बिलासपूर. पूर्वेकडे जाणारी गाडी डोंगरगड, राजनांदगांव, रायपूर करीत तेथें पोंचते. त्या बिलासपूर जिल्ह्यांत सकरी येथें ८ नोव्हेंबर २०१४ रोजीं कुटुंबनियोजनाचें शिबिर भरलें. एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतींत एकाच शल्यवैद्यानें कांहीं तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. एका पथकानें एका दिवसांत ३० हून अधिक करूं नयेत, असा नियम कागदावर होताच. पुढील कांहीं दिवसांत त्यांपैकीं १३ स्त्रिया मेल्या.

संशय प्रथम हत्यारांच्या अस्वच्छतेवर गेला. मग शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्यांवर. त्या गोळ्यांत उंदीर मारण्याचें झिंक फॉस्फाइड मिसळलें असावें, असा संशय सरकारी अधिकाऱ्यांनीं जाहीर केला व त्या घाण्याच्या गोळ्यांची विक्री थांबविली. पुढें मात्र मृत्यु रक्तदोषानें झाले कीं विषानें, ह्याविषयीं परीक्षकांचीं मतें भिन्न राहिलीं. मलकोवालास १९०२ सालीं पांच बाटल्यांतून एक बोट दाखवून काढितां आली; ११२ वर्षांनीं, प्रयोगशाळा, कायदा व नियंत्रक सर्व सिद्ध असतां, १३ बायका कशानें मेल्या ह्यावर एकमत होऊं शकलें नाहीं. ज्या घरांतून त्या शिबिरास गेल्या तेथें आईवांचून लेंकरें उरलीं.

१४ सप्टेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें देविका बिस्वास ह्यांच्या अर्जावर निकाल देऊन अशीं शिबिरें तीन वर्षांच्या आंत बंद करण्यास सांगितलें. हा अर्ज मुळांत बिहारांतील अरारिया येथील १९१२ च्या नव्हे, २०१२ च्या शिबिरावरून केलेला होता. म्हणजे बिलासपूरच्या दोन वर्षें आधींच धोक्याची सूचना न्यायालयाच्या दारीं पोंचलेली होती. तारखांचा हा क्रम नीट लक्षांत घ्यावा. आपत्ति अकस्मात् आली असें म्हणण्याची सोय तो ठेवीत नाहीं.

८. संभाव्य आक्षेप

अशा कागदांचा संग्रह करा म्हटल्यास तीन आक्षेप येतील. पहिला, हे कागद अर्वाचीन आहेत. ह्यास उत्तर असें कीं, पेशवाईंतील रोजमेळ लिहिले गेले त्या दिवशीं तेही अर्वाचीनच होते. दुसरा आक्षेप, औषधांचा विचार वैद्यांनीं करावा. वैद्यांनीं करावाच, परंतु कागद जपणें, त्याचा काळ ठरविणें व खरा-खोटा निवडणें ही कला आपली आहे, त्यांची नव्हे. तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे : हीं बायकांचीं खासगी दुखणीं आहेत, तीं उघड्यावर कां आणावीं? हा आक्षेप आम्ही पूर्णपणें मानितों, आणि म्हणूनच पुढील सूचनांत त्याची तजवीज केली आहे.

९. संग्राहकांस विनंति

(१) घरगुती वैद्यकाच्या बाडांची यादी करतांना स्त्रीरोग, सूतिका व गर्भ ह्यांवरील पानें निराळीं दाखवावींत, आणि ग्रंथांतरीं न मिळणारी पुस्ती दिसल्यास तिची शब्दशः नक्कल ठेवावी.

(२) रिकाम्या बाटल्या, डबे, वेष्टनें व त्यांतील माहितीपत्रकें फेंकूं नयेत. घाण्याचा क्रमांक, करणाराचें गांव, तारीख व वस्तु मिळाल्याचें ठिकाण हीं चार कलमें तत्काळ टिपावीं. क्रमांक खोडलेला असल्यास तसेंही लिहावें. खोडणें हाही पुरावाच आहे.

(३) १९५४ पूर्वींचीं पंचांगें व मासिकें बांधतांना जाहिरातींचीं पानें काढून टाकण्याची जी चाल पडली आहे ती सोडावी.

(४) अलीकडील कार्डेंही जपावींत. तांबी बसविल्याचीं कार्डें आणि २०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या अंतरा इंजेक्शनाच्या तारखांचीं कार्डें घरोघर आहेत. तें इंजेक्शन सरकारी योजनेंत आणावें कीं नाहीं, ह्यावर स्त्रीसंघटनांनीं वीस वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे. त्या वादाचा इतिहास ह्या कार्डांवांचून अपुरा राहील.

(५) जिवंत किंवा नुकत्याच वारलेल्या स्त्रीचें नांव, घर व दुखणें एकत्र कोठेंही छापूं नये. कागद तिच्या किंवा तिच्या माणसांच्या संमतीनेंच घ्यावा, व यादींत नांवाऐवजीं गांव आणि वर्ष एवढेंच द्यावें.

(६) संग्रह करतांना सध्यांच्या एखाद्या औषधानें किंवा बसविलेल्या वस्तूनें अपाय झाल्याचें कोणी सांगितलें, तर तें केवळ टांचणांत ठेवून आपलें काम झालें असें समजूं नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी योजना २०१० पासून, व वैद्यकीय उपकरणांसाठीं तशीच योजना २०१५ पासून, चालू आहे. तेथें ती तक्रार घाण्याच्या क्रमांकासह पोंचवावी. रुग्णास स्वतःसही ती करितां येते.

ह्या सूचनांपैकीं शेवटची संशोधनमंडळाच्या कक्षेबाहेरची वाटेल. आमचा अनुभव तिच्या बाजूचा आहे. एका घरीं जुन्या कागदांच्या निमित्तानें बसलों असतां तेथील वृद्ध बाईनें आपल्या सुनेच्या गोळ्यांचें रिकामें पान आम्हांपुढें टाकिलें व विचारिलें, "भाऊ, तुम्ही जुनें वाचतां, हें वाचतां येतें कां?" पानाचा जो भाग कातरीनें कापून गोळ्या सुट्या विकल्या होत्या, त्यावरच क्रमांक होता, तो गेलेला होता. आम्हांस कांहीं सांगतां आलें नाहीं.

गोंदिया, आमगांव, तिरोडा व देवरी भागांतील संग्राहकांनीं वरील प्रकारचे कागद आपल्या संग्रहीं असल्यास त्यांची याद मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं. ते जेथल्या तेथें सुरक्षित राहावेत. पुरेशा यादी जमल्यास त्यांचें एकत्र टिपण ह्याच त्रैमासिकांत प्रसिद्ध करण्याचा आमचा विचार आहे.